कुठेच नाही म्हणजे कुठे?

मेघा, शेलारकाका, गोपशेठ, कंपनीतले माझे सोबती, आणि कुंदाताईंसाठी कुठून कुठून बदलापुरात आलेली तुम्ही सगळी मंडळी,

बोलायला सुरुवात करण्याआधी मला एक तक्रार नोंदवायची आहे.

तुम्ही ज्या दारातून आलात त्याच दारातून मीही आलो. दाराशी एक गृहस्थ बसलेत. त्यांनी माझ्या चपला ताब्यात घेतल्या आणि हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवला. त्यावर एक्केचाळीस आकडा आहे. मी म्हटलं, 'अहो, शोकसभा आहे. इथून चपला कोण नेतंय?' ते म्हणाले, 'साहेब, शोकसभेतनंच जास्त जातात. लोक डोळे पुसत निघतात, पायाला लागेल ती घालतात.' वर दम दिला, 'नंबर हरवला तर चप्पल मिळणार नाही.' म्हणजे बघा. चार वर्षं माझ्या पायाखाली झिजलेली चप्पल, तिचा अंगठा मी स्वतः दोनदा शिवून घेतलाय, ती समोर दिसत असली तरी माझी नाही. माझा हा पुठ्ठा. या वयात, या दिवशी, माणसावर एवढा अन्याय व्हावा? मी खिशात हात घालून तो पुठ्ठा तीनदा चाचपून पाहिलाय. आत्ताही चाचपतोय.

कुंदाताई असत्या तर त्यांनी भांडण केलं नसतं. त्यांनी त्या गृहस्थांना एकच प्रश्न विचारला असता. 'बरं, ज्यांचे नंबर हरवतात त्यांच्या चपला तुम्ही कुठे ठेवता?'

तो प्रश्न त्यांनी मला विचारला होता. चपलांबद्दल नाही. आज मी तेवढंच सांगायला उभा आहे, आणि ते सांगणं मला जड जातंय. मंडळी, माझी जीभ तिखट आहे हे इथे बऱ्याच जणांना सोसून माहीत आहे. दिवाळी अंकात मी दरवर्षी कुणाची तरी टोपी उडवतो. कुंदाताई तो लेख वाचायच्या आणि म्हणायच्या, 'नाईक, छान आहे. स्वतःवर कधी लिहिणार?' मी म्हणायचो, 'विषय मोठा आहे ताई, अंकात मावणार नाही.' तर आज मावेल तेवढा सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची कंपनी आनंदनगरला आहे. आम्ही पाण्याचे पंप बनवतो. पंप बनवणाऱ्या कंपनीत दोन माणसं महत्त्वाची. एक पंप विकणारा आणि दुसरा, पंप बिघडल्यावर शिव्या खाणारा. विकणाऱ्याला केबिन असते. शिव्या खायला कुंदाताई होत्या. गेटच्या आत डाव्या हाताला, जिन्याखाली त्यांचं टेबल. टेबलावर एक फोन, एक लांबोडकी वही. बावीस वर्षं.

त्या वहीची एक रीत होती. तक्रार तक्रारदाराच्या शब्दांत लिहायची. 'मोटर ओव्हरहीट' असलं काही नाही. लिहिलेलं असायचं, 'पंप म्हातारीसारखा कण्हतो आणि पाणी देत नाही.' लिहून झालं की त्या ते फोनवर मोठ्याने वाचून दाखवायच्या. 'असंच म्हणालात ना?' पलीकडचा हो म्हणाला की मग खाली एक रेघ. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा फोन. 'झालं का?' तो 'झालं' म्हणाला तरच त्या रेघेवर बरोबरची खूण. फिटर येऊन झालं म्हणाला, तर खूण नाही. साहेबांनी झालं म्हटलं, तरी नाही. 'ज्याची तक्रार, त्यानेच ती मिटली म्हणायचं,' हा त्यांचा कायदा. गोपशेठ, तुम्हीही एकदा घाईत स्वतः खूण केली होती. आठवतं? ताईंनी खोडरबर आणून तुमच्यासमोर खोडली. पेनाने केलेली होती म्हणून पान फाटलं. शेठ म्हणाले, 'साईं, ये बाई मेरी नोकर है की मैं इसका?' ताई म्हणाल्या, 'शेठ, आपण दोघंही पंपाचे.'

मग एक दिवस शेठनी मला बोलावलं. मी कंपनीचे कॉम्प्युटर बघतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतो आणि त्याला मोठं नाव देतो. शेठ म्हणाले, 'नाईकभाई, माझा भाचा पुण्याला आहे ना, त्याच्या कंपनीत सगळी तक्रार मेलवर येते. मशीन स्वतः घेते, स्वतः नंबर देते. आपल्याकडे अजून वही. अच्छा नहीं लगता.'

मला तर तेच हवं होतं. मी महिनाभर खपलो. एक पत्ता तयार केला, तक्रारींसाठी खास. त्या पत्त्यावर मेल आला की दर पाच मिनिटांनी आमचं सॉफ्टवेअर पोस्टमनसारखं जाऊन तो उचलणार, त्याची तक्रार म्हणून नोंद करणार, तिला नंबर देणार. त्याला आम्ही तिकीट म्हणतो. पाठवणाऱ्याला लगेच पोच जाणार, 'आपली तक्रार मिळाली, आपला क्रमांक अमुक.' त्याने पुन्हा लिहिलं की विषयातल्या नंबरावरून मशीन ओळखणार, हे त्याच तक्रारीचं पुढचं पान. फार देखणी व्यवस्था आहे, मंडळी. आजही मला तिचं कौतुक आहे. दोष तिचा नव्हता.

मी नवे स्टिकर छापून घेतले आणि फिटरांकडून जुन्या पंपांवरही लावून घेतले. पूर्वी प्रत्येक पंपावर कुंदाताईंच्या टेबलावरच्या फोनचा नंबर असायचा. नव्या स्टिकरवर फक्त मेलचा पत्ता. 'तक्रारीसाठी येथे लिहा.' आणि तो फोन आम्ही काढून टाकला. फोनवाला वायर गुंडाळत होता तेव्हा ताई म्हणाल्या, 'एवढा एक ठेवला असता, कोपऱ्यात.' मी म्हटलं, 'ताई, दोन दोन दरवाजे ठेवले की हिशेब लागत नाही.' त्या म्हणाल्या, 'हिशेब कुणाला लावायचाय?'

पहिल्या आठवड्यात गंमत झाली. उल्हासनगरचे एक डीलर लग्नासाठी इंदूरला गेले. जाताना त्यांनी मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं, 'मी बाहेरगावी आहे, परतल्यावर बोलू.' आमच्या मशीनने त्यांना कसलीशी पोच पाठवली. त्यांच्या मशीनने कळवलं, मी बाहेरगावी आहे. त्या उत्तराच्या विषयात नंबर नव्हता, म्हणून आमच्या मशीनला वाटलं नवी तक्रार आली. नंबर दिला, पोच धाडली. त्यांचं म्हणालं, मी बाहेरगावी आहे. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार, रविवार हेच. सोमवारी सकाळी मी बघतो तर सातशेवर तक्रारी. ताईंनी चष्मा लावून पडदा बघितला आणि म्हणाल्या, 'दोघांनी सातशे वेळा एकमेकांना नमस्कार केला आणि पंपाचा विषयच निघाला नाही. नाईक, हे तर आपल्या मंगळवारच्या मीटिंगसारखं झालं.'

सगळे हसले. मी हसलो नाही. मला राग आला. त्यातच त्या पत्त्यावर कर्जवाले, लॉटरीवाले, केस उगवणारं तेल विकणारे, सगळे येऊन पडायला लागले होते. मी सेटिंगचं पान उघडलं.

त्या पानावर एक ओळ आहे, मंडळी. अनोळखी माणसाचा मेल आला तर काय करायचं? खाली तीन पर्याय. एक, घ्यायचा, नाव नसलं तरी. दोन, घ्यायचा आणि त्याचं नाव यादीत नवीन घालायचं. तीन, दुर्लक्ष करायचं. आणि त्याच्या खाली आणखी एक चौकोन. ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं तो मेल जपून ठेवायचा, की पुसून टाकायचा?

मी तिसरा पर्याय निवडला. आणि पुसून टाकायचा म्हटलं. टेबल स्वच्छ.

ओळखीचे कोण? ज्यांची नावं मी यादीत घातली होती ते. यादीत कोण? डीलर, मोठे कारखाने, आणि गोपशेठचे व्याही. पंप ज्याच्या दारात बसलाय तो माणूस यादीत नव्हताच. त्याने तर डीलरकडून घेतलेला. म्हणजे मी काय केलं? पंपावर पाटी लावली, या, इथे या, आणि दाराला आतून कडी घातली. कडी घातली हे कुणाला सांगितलंही नाही. बाहेरच्याला दार वाजवल्याचा आवाज यायचा. आत काहीच नाही. नंबर नाही, पोच नाही, नकारसुद्धा नाही.

महिन्याभरात तक्रारी धडाधड उतरल्या. एप्रिल उजाडला आणि एक दिवस पडद्यावर आलं, आजच्या नवीन तक्रारी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शेठनी उल्हासनगरहून दालपकवान मागवलं. सगळ्या स्टाफला. मला सगळ्यांसमोर उभं करून म्हणाले, 'बावीस साल में पहिल्यांदा! नाईकभाई, कमाल केलीस.' टाळ्या. मी मान झुकवून घेतल्या. मला ती मान कशी झुकवली होती ते अजून आठवतं.

कुंदाताईंच्या हातातलं पकवान तसंच. शेठ म्हणाले, 'कुंदाबाई, खा ना. आज तो खुशी का दिन है.'

ताई म्हणाल्या, 'शेठ, एप्रिल आहे. विहिरी खाली गेल्यात, वीज येते जाते, पंप दिवसभर ओढतायत. आणि तक्रार नाही? इतके चांगले पंप आपण कधीपासून बनवायला लागलो?'

शेठ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. ताई उठल्या, जिन्याखाली गेल्या, जुनी वही काढली.

आता त्यांनी काय केलं ते ऐका. मशीनला जमणार नाही असं काही केलं नाही. मला सुचलं नाही असं केलं. त्या वहीत त्यांनी गेल्या उन्हाळ्याची पानं काढली, त्याच्या आधीच्या उन्हाळ्याची काढली, आणि दरवर्षी ज्यांचा फोन येतोच अशी नावं एका कागदावर उतरवली. म्हणजे जे बोलले त्यांची यादी सगळेच करतात. यांनी गप्प झालेल्यांची केली. मग स्वतःच्या मोबाइलवरून एकेकाला फोन. 'मी कुंदा शेलार. या वर्षी तुमचा आवाज नाही आला. बरं आहे ना?'

सातवा फोन लागला वांगणीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे तिथे. तिथल्या अंगणवाडीच्या सुगंधाताई वाघ. वाडीला पाणी टाकीत चढवून मिळतं, आणि ते चढवतो आमचा पंप. सुगंधाताई फोनवर काय म्हणाल्या ते ताईंनी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहिलंय. मी काल ते पान पुन्हा वाचलं. 'ताई, तीन येला मेल केला. पंपावर लिवलंय म्हून केला. तुमचा काय निरोप नाय. आमी समजलो, आता तुमी मोठे झाले, वाडीचा पंप काय तुमच्या ध्यानात नाय.'

एकोणीस दिवस झाले होते पंप जळून.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि विचारलं, 'नाईक, वांगणीच्या वाडीची तीन पत्रं आली होती. कुठे आहेत?'

मी शोधलं. शोधायचं नाटक केलं म्हणा. प्रश्न ऐकताक्षणीच मला कळलं होतं. मी म्हटलं, 'त्यांचा पत्ता यादीत नाही. मशीनने घेतली नसणार.'

'मग कुठे गेली?'

'कुठेच नाही.'

'कुठेच नाही म्हणजे कुठे?'

मी म्हटलं, 'ताई, तसं नसतं ते. पुसली जातात. नसतातच मग.'

त्या म्हणाल्या, 'लिहिणारी आहे ना? लिहिलं तर आहे ना? मग नसतात कसं?'

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर पवार नवी मोटर घेऊन निघाले. ताई निघाल्या. आणि मला म्हणाल्या, 'तुम्हीही चला.' मी म्हटलं, 'मी जाऊन काय करू? मला पाना धरता येत नाही.' त्या म्हणाल्या, 'पाना पवार धरतील.'

वांगणीहून टेम्पो, टेम्पो संपल्यावर चढ. पवारांनी मोटर खांद्यावर घेतलेली. वाडीत पोचलो तेव्हा बायका ओहोळाकडून वर येत होत्या. डोक्यावर दोन दोन हंडे. ओहोळात डबकं राहिलं होतं, तिथून वाटीवाटीने भरायचं. वाट म्हणजे सुटे दगड. एक आजी ओसरीला बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. पाय सरकला म्हणाल्या, मनगट गेलं. कधी? दहा-बारा दिवस झाले असतील, म्हणाल्या.

म्हणजे पहिला मेल येऊन गेल्यानंतर. मी तेवढा हिशेब केला. मला हिशेब चांगला येतो.

कुणी मला बोललं नाही. उलट आजींनी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला. तेच पाणी. मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ अपमान केलेत आणि थोडे सोसलेत. त्या तांब्याएवढं मला कशाने खाली बघायला लावलं नाही.

सुगंधाताईंनी फोन दाखवला. वाडीत रेंज नाही. वर एक कातळ आहे, तिथे चढून गेलं की दोन दांड्या येतात. तिन्ही वेळा त्या तिथे चढून गेल्या होत्या. पहिला मेल लांब होता, पंप कधी बसवला, काय आवाज आला, कधी धूर आला, टाकी किती घरांची, सगळं शिस्तीत. दुसरा आखूड, 'आजीचा हात मोडला, लवकर माणूस पाठवा.' तिसरा दोन शब्दांचा.

'पोचलं का?'

मी तो वाचत असताना कुंदाताई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी शेजारचा रिकामा हंडा उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, 'पवारांना तास लागेल. तोवर एक खेप करा.' मी गेलो. अर्ध्या वाटेवर निम्मा हंडा सांडला, गुडघा फुटला. वर आलो तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, 'दादा, एवढ्यात तं कोंबडीसुदिक नाय नाहायची.' मला बरं वाटलं. कुणीतरी बोललं एकदाचं.

परत आल्यावर मी कडी काढली. अनोळखी माणसाचा मेल घ्यायचा. कर्जवाले, लॉटरीवाले वाटतील ते पुसायचे नाहीत, एका वेगळ्या कप्प्यात ठेवायचे. ताईंनी त्या कप्प्याला नाव दिलं, वाट चुकलेले. पंपावरच्या स्टिकरवर फोन नंबर परत आला. आणि ताई रोज सकाळी, चहाच्या आधी, तो वाट चुकलेल्यांचा कप्पा स्वतः वाचायच्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आम्हाला वाचून दाखवायच्या. 'चला, आज कुणीतरी राजपुत्र मला खजिन्यात वाटा देतोय. नाईक, तुमच्यासाठी केसांचं तेल आलंय.' दीडशे कचऱ्याच्या मेलांतून एखादा खरा निघायचा. शहाडच्या एका गिरणीवाल्याचा निघाला, वाड्यापाड्यांतले निघाले. शेठ एकदा म्हणाले, 'कुंदाबाई, एवढा वेळ कचऱ्यात?' ताई म्हणाल्या, 'शेठ, कचऱ्यात माणूस टाकला होता आपण.' शेठनी नंतर कधी विचारलं नाही. शेठ, त्याबद्दल तुमचे आभार. आणि दालपकवानबद्दल आता आपण दोघांनीही बोलू नये.

आता उरलेलं.

वाडीहून परतल्यावर कंपनीतर्फे एक पत्र पाठवायचं ठरलं. ते मी लिहिलं. लेखक ना मी. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव आपली पत्रे आम्हास प्राप्त होऊ शकली नाहीत, याबद्दल दिलगीर आहोत.' ताईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

'तांत्रिक कारण म्हणजे तुम्ही ना?'

मी म्हटलं, 'ताई, पत्रात असंच लिहितात.'

'तिने तसं नाही लिहिलं. तिने सरळ लिहिलंय.'

मी म्हटलं, 'हे जाऊ दे. मी माझ्याकडून वेगळं लिहीन तिला. नावाने. सगळं सांगेन.' त्या म्हणाल्या, 'नक्की?' मी म्हटलं, 'नक्की.'

नाही लिहिलं. मंडळी, मी कुणावरही लिहितो. नगरसेवकांवर लिहिलंय, साहित्य संमेलनावर लिहिलंय. या चार ओळी नाही लिहिल्या. रोज वाटायचं, आता एवढे दिवस गेले, आता लिहिलं तर विचित्र दिसेल. असे आणखी दिवस गेले.

ताई निवृत्त झाल्या. त्यानंतर तीनएक आठवड्यांनी तक्रारींच्या पत्त्यावर एक मेल आला. पाठवणाऱ्याचा पत्ता अनोळखी. यादीत नव्हता. मशीनने घेतला, कारण आता ते अनोळखी माणसाचं घेतं. नंबर दिला, पोच पाठवली. विषय होता, उत्तर राहिले आहे. आत लिहिलं होतं, 'वांगणीपलीकडच्या वाडीला श्री. नाईक यांनी स्वतः पत्र लिहायचे कबूल केले होते. अद्याप पोचलेले नाही. मी सुगंधाला विचारले. कृपया लक्ष घालावे. कुंदा शेलार, ग्राहक.'

ग्राहक! त्यांच्या घरी आमचा पंपसुद्धा नाही.

मी त्या तक्रारीपुढे लिहिलं, प्रलंबित. आठ महिने ती तिथे आहे. रोज सकाळी पडदा उघडला की सगळ्यांत जुनी, सगळ्यांत वर. मधे मी हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटायला गेलो. मेघा, तू तेव्हा औषधं आणायला खाली गेली होतीस. आवाज फार बारीक झाला होता. मला म्हणाल्या, 'नाईक, माझ्या तक्रारीचं कुठवर आलं?' मी म्हटलं, 'चालू आहे, ताई. होतंय.' त्या हसल्या. म्हणाल्या, 'मलासुद्धा तांत्रिक कारण?'

आमचं तेवढंच शेवटचं बोलणं.

गेल्या मंगळवारी शेलारकाकांचा फोन आला. काका म्हणाले, 'नाईक, ही गेली.' मी विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं, 'कुठे?' काका म्हणाले, 'या तुम्ही.' काका, त्या क्षणी मला 'कुठेच नाही' हे उत्तर चाललं नसतं. आता कळतंय, ताईंना का चाललं नव्हतं. बावीस वर्षांच्या वह्या जिन्याखाली आहेत. त्यात एकही तक्रार अशी नाही की जी कुणी केली आणि ती नव्हतीच.

सुगंधाताई आज आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. पहाटे निघाल्या असतील. मी त्यांना दारात पाहिलं आणि ओळख द्यायच्या आधी पुठ्ठ्याचा नंबर बघत बसलो. असा माणूस आहे मी.

सुगंधाताई, तुमची तिन्ही पत्रं पोचली होती. आमच्या दारापर्यंत नीट पोचली होती. ती घ्यायची नाहीत आणि ठेवायचीही नाहीत, असं मी सांगून ठेवलं होतं. मशीनने माझं ऐकलं. कारण तांत्रिक नव्हतं. कारण मी होतो. आजींच्या मनगटाचंही.

हे मी माईकवर बोललो खरं, पण यानं काम होत नाही. ताईंची आणखी एक रीत होती. तक्रार ज्या वाटेनं आली, उत्तर त्याच वाटेनं जायला हवं. फोनला फोन, पत्राला पत्र, गेटवर आलेल्याला गेटवर जाऊन. पत्रं तीन होती. मी आज सकाळी तीन उत्तरं लिहिली आहेत. पहिलं लांब आहे. दुसरं आजींसाठी आहे, त्यांना वाचून दाखवा. तिसरं एका शब्दाचं आहे. अजून पाठवली नव्हती. वाडीत रेंज नाही, पुन्हा त्या कातळावर तुम्हाला चढायला लावायचं नव्हतं. इथे रेंज आहे.

एक मिनिट द्या मला. चष्मा... हां.

गेली.

ताईंची तक्रार मात्र मी बंद करणार नाही. तो हक्क तक्रारदाराचा. ती राहील सगळ्यांत वर, रोज सकाळी मी बघीन, आणि मग वाट चुकलेल्यांचा कप्पा उघडीन. ते काम आता मी घेतलंय. चहाच्या आधी.

मंडळी, आपण कुंदाताईंसाठी दोन मिनिटं उभे राहू या. अशा वेळी फोन बंद ठेवायला सांगतात. मी सांगत नाही. तिसऱ्या रांगेत एक फोन तीनदा वाजेल. वाजू द्या.